आखाड्यावरच्या पाकोळ्या

मंडळी, आधी एक खुलासा. पुण्या-कोल्हापूरकडच्या वाचकांना आखाडा म्हटलं की कुस्तीचा हौद आठवेल. आमच्या नांदेड-परभणी-लातूरकडे शेतातल्या घर-गोठ्याला आखाडा म्हणतात. तिथे बैलं बांधायची, कडबा रचायचा, औतं-तिफणी ठेवायच्या, आणि सालगड्याने मुक्काम करायचा. आमचा आखाडा औसा तालुक्यात आहे. मी मात्र नोकरीमुळे जन्मभर नांदेड जिल्ह्यात राहिलो आणि आता निवृत्तीनंतर नांदेडकरच झालो आहे. शेती धाकट्या भावाने सांभाळली, आता पुतण्या सांभाळतो.

एका दसऱ्याला सगळे जमलो होतो तेव्हा पुतण्याने विषय काढला. "काका, आखाडा पाडावा म्हणतो. पत्र्याचं गोदाम बांधू. सोयाबीन ठेवायला जागा नाही." त्यात गैर काहीच नव्हतं. मी सहज म्हणालो, "आणि पाकोळ्या?" पंगतीत एकदम हशा पिकला. हसला नाही तो एकटा पुतण्या. तो जे बोलला ते शेवटी सांगतो, कारण त्याचं उत्तर द्यायला मला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत मी जे वाचलं, आठवलं आणि जाऊन पाहिलं ते एकदा लिहून काढावं, म्हणून हा लेख. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, पण आपल्याच आखाड्याचा इतिहास लिहायचं कधी सुचलं नव्हतं!

आखाडा आजोबांनी बांधला. मधल्या तुळईवर कोरलेलं साल आहे 'फसली १३३९'. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात होता. (लातूर जिल्हा वेगळा झाला १९८२ साली.) सरकारी कागदांत फसली साल चाले. दख्खनच्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे झालं १९२९-३०. सात खणांची वास्तू, सागवानी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर फळ्या आणि चिपाडं, आणि त्यावर मातीचं माळवद. भिंती काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या, चांगल्या अडीच हात जाड. वैशाख वणव्यात बाहेर त्रेचाळीस अंश असले तरी आत घागरीतल्या पाण्यासारखा गारवा.

पाकोळ्या कधी आल्या ते कोरून ठेवलेलं नाही. मला कळतं तेव्हापासून त्या आहेत. आमच्याकडे लहान वटवाघळांना पाकोळी म्हणतात. अंगठ्याएवढं अंग, दिवसा सरा आणि फळी यांच्या फटीत दाटीवाटीने बसलेल्या, आणि दिवेलागणीला एकामागून एक बाहेर. झरोक्यातून काळ्या वाटाण्यांची मूठ कुणी भिरकावावी तसं वाटे. दुसरी जात मोठी. आडव्या सऱ्याला उलटी लोंबणारी, मोठ्या कानांची, करड्या रंगाची. यांना आजोबा वाघूळ म्हणत. ती मोजकीच, वीस-पंचवीस. सकाळी त्यांच्याखाली जमिनीवर पतंगांचे पंख, बेडकाचे पाय, कधी उंदराची शेपटी पडलेली असे. लहानपणी आम्ही ते सामान पाहून घाबरत असू. आजोबा म्हणत, "कशाला भ्यायलास? त्यांनी रात्रभर राखण केली, हे त्याचं जेवण."

आजोबा शाळेत गेलेले नव्हते. पण पुढे मी पुस्तकांत वाचलं ते त्यांच्या म्हणण्याहून फार वेगळं नव्हतं. या मोठ्या कानांच्या वटवाघळाला इंग्रजांनी 'खोटा रक्तपिपासू' असं नाव दिलं. रक्त पिणारी खरी वटवाघळं जगात फक्त तीन जातींची, आणि तीही अमेरिका खंडांत. आपलं हे बिचारं किडे, बेडूक, पाली आणि उंदीर खातं. कान इतके तिखट, की पाचोळ्यात उंदीर हलला तरी नुसत्या खसखशीवर त्याला जागा कळते. मादीला वर्षाला एकच पिल्लू. ज्यांचा वंश इतक्या सावकाश वाढतो त्यांची वसाहत एकदा मोडली की पुन्हा भरायला वर्षानुवर्षं जातात.

आमच्या घरात रझाकारांच्या काळातली एक गोष्ट सांगतात. १९४८ च्या उन्हाळ्यात गावातली काही मंडळी रात्री आखाड्यात लपून बसत. एका संध्याकाळी घोड्यावरून माणसं आली, त्यांनी झरोक्यातून वटवाघळं भराभरा बाहेर पडताना पाहिली, 'जागा ओसाड दिसते' म्हणाली आणि पुढे गेली. खरं-खोटं मला माहीत नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी या गोष्टीला पुरावा मागितला तर आजी रागावत असे. पण गोष्टीतला समज मात्र खरा आहे. जिथे वटवाघूळ तिथे माणूस नाही, असंच आपण धरून चालतो. 'वाड्याला वटवाघळं लागली' म्हणजे घराणं बुडालं! पोलीस ॲक्शननंतर जहागिऱ्या गेल्या, पुढे कूळकायदा आला, आणि मराठवाड्यात गावोगावच्या कितीतरी गढ्या खरोखरच वटवाघळांच्या झाल्या. लोकांनी क्रम मात्र उलटा लावला. माणसं आधी गेली होती, वाघळं मागून आली. अपशकुनाचा शिक्का मात्र त्यांच्यावर बसला. आमच्या आखाड्यात तर माणसं, बैलं आणि वाघळं शंभर वर्षं एकाच छपराखाली नांदत आली आहेत.

आता थोडं मागे जाऊ या. आमच्या तालुक्यातच खरोशाची लेणी आहेत, सहाव्या शतकाच्या आसपासची. जांभ्या दगडाचा डोंगर पोखरून केलेली. मी पहिल्यांदा वडिलांबरोबर गेलो तेव्हा आत शिरताच तोच ओळखीचा दर्प आला, आखाड्याचा! त्या वासाने मला घरी आल्यासारखं वाटलं होतं. पुढे कंधार तालुक्यात नोकरी लागली. कंधार म्हणजे राष्ट्रकूटांच्या काळातलं नगर. तिथल्या किल्ल्यात दरवर्षी मुलांची सहल नेत असे. खंदक, दरवाजे, तोफा सगळं पाहून झालं की मुलांना सर्वांत जास्त आवडे ती अंधारी कमान आणि आतली फडफड. दोन-चार जण हमखास डोकं झाकून घेत. वटवाघूळ केसांत अडकतं असा समज ना! मग मी तिथेच विज्ञानाचा तास घेई. इटलीच्या स्पालांझानीने १७९३ साली वटवाघळांचे डोळे निकामी करून पाहिले, तरी ती अडथळे चुकवत उडाली. त्याच्यापाठोपाठ झ्युरिन नावाच्या स्विस डॉक्टराने कान बंद करून पाहिले, तर ती आपटू लागली. पण त्यामागचं कारण कळायला जवळजवळ दीडशे वर्षं गेली. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत ग्रिफिन नावाच्या विद्यार्थ्याने यंत्र लावून दाखवलं, की ती आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. ज्याला अंधारात तारेएवढी बारीक वस्तू कळते त्याला तुझं डोकं कळणार नाही का रे, असं म्हटलं की मुलं हळूच हात खाली घेत.

पण सगळीकडे वटवाघळं निरुपद्रवी, असं म्हणणं खोटं ठरेल. अजिंठ्याचंच पाहा. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला ती लेणी दिसली. भिक्षू गेल्यावर शतकानुशतकं तिथे पाखरांचा आणि वटवाघळांचाच वावर होता. त्यांच्या मलमूत्राने चित्रांची मोठी हानी झाली. अजिंठाही निजामाच्याच मुलखात. हैदराबाद संस्थानाने १९१४ साली पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. १९२० नंतर इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावून चित्रांची डागडुजी केली. वटवाघळांना बाहेर ठेवण्यासाठी लेण्यांना जाळ्या लागल्या, आणि ते योग्यच झालं. चित्र आणि वाघूळ एका भिंतीवर नांदू शकत नाहीत. गंमत पाहा, त्याच संस्थानात, त्याच दहा वर्षांत आमचे आजोबा माळवदाला झरोके ठेवत होते!

असो. आता जे लिहायचं टाळत आलो तिकडे वळतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. आम्हालाही नांदेडला पलंग हलल्याने जाग आली. सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं आणि मी निघालो. पोचायला दुपार टळली. गावाच्या जागी दगड-मातीचे ढीग होते. आमच्या वाड्याच्या ढिगाखाली आई होती. वहिनी आणि तेव्हा सहा वर्षांचा पुतण्या वहिनीच्या माहेरी गेले होते म्हणून वाचले. भाऊ आखाड्यावर होता. गाय विणार होती म्हणून तो अंगणात बाज टाकून झोपला होता.

त्या भूकंपात सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. भूकंप काही फार मोठा नव्हता, ६.२ च्या आसपास. मग इतकी माणसं का मेली? याचं उत्तर पुढे इंजिनिअर मंडळींनी दिलं आणि ते मला आजही बोचतं. आपल्या भिंतींनी मारलं. आमच्या त्या जाड, गार भिंती म्हणजे एक भिंत नव्हतीच. बाहेरचं तोंड वेगळं, आतलं तोंड वेगळं, मध्ये दगडगोट्यांची भर आणि सगळं चिखलात. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा लांब आरपार दगड कुठेच नाही. हादरा बसला की दोन्ही तोंडं पोटातून फुगून फुटतात. आणि वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळती लागू नये म्हणून आपण त्यावर नवी माती टाकत आलो. बाप टाकी, मुलगा टाकी, नातू टाकी. दोन-दोन फुटांचा थर झाला होता. घरावरच्या मायेने घातलेली ती माती झोपलेल्या माणसांवर आली.

आखाडा मात्र उभा राहिला. पश्चिमेची भिंत बाहेरच्या अंगाला ढासळली, पण तुळया खांबांवर होत्या म्हणून माळवद खाली आलं नाही. असं अनेक ठिकाणी झालं होतं. भिंती गेल्या आणि लाकडी सांगाडा उभा. भाऊ सांगे, की त्या वेळी वटवाघळं आखाड्याभोवती घिरट्या घालत होती. पुढे गावात बोलबाला झाला, की वाघळांना आधीच कळलं होतं. मी तसं म्हणणार नाही. पहाटे चार म्हणजे त्यांची परतायची वेळ. ती रोजच तेव्हा बाहेर असतात. आपल्यावर एवढं मोठं संकट कोसळतं तेव्हा कुणाला तरी आधी ठाऊक होतं असं मानण्याने मनाला कसला आधार मिळतो, मला कळत नाही. पण मिळतो खरा.

त्यानंतर आमचं गाव हललं. लातूर-उस्मानाबादची (आता धाराशिव) बावन्न गावं नव्या जागी वसवली, त्यातलं एक आमचं. रांगेत बांधलेली सिमेंटची घरं, रुंद रस्ते. उन्हाळ्यात तापतात म्हणून लोक कुरकुरले, पण त्या घरांत निर्धास्त झोप लागते याचं मोल ज्याने ती रात्र पाहिली त्यालाच कळेल. जुन्या गावाचे ढीग हळूहळू सपाट झाले. दगड गेले, लाकूड विकलं गेलं. नव्या घरांना ना फट, ना झरोका, ना अंधारा कोपरा. चिमण्यांनी तक्रार केली, ती निदान आपल्या लक्षात आली. पाकोळ्यांची तक्रार आपल्याला ऐकूच येत नाही. पंचक्रोशीत आमच्या आखाड्यासारख्या दोन-चार वास्तू उरल्या, आणि पाकोळ्यांच्या वाट्याला तेवढंच छप्पर राहिलं.

२०२० साली टाळेबंदीत आणखी एक प्रसंग आला. वटवाघळांमुळे कोरोना आला, असं मोबाइलवर फिरू लागलं. गावातली चार पोरं मिरच्यांची धुरी घेऊन आखाड्यावर आली. पुतण्याने फोन लावून विचारलं, "काय करू?" मी म्हणालो, "धुरी दिलीस तर ती घरोघर पसरतील, मग काय करशील?" एवढ्यावर काम भागलं. खरं काय, तेही सांगतो. वटवाघळांत तऱ्हेतऱ्हेचे विषाणू असतात हे खरं आहे. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० च्या मार्चमध्ये घेतले, त्यांत निपाहच्या प्रतिपिंडांच्या खुणा सापडल्या. पण कोरोना आपल्या गावात आला तो माणसांकडून. वाघळांपासून जपायचं ते एवढंच. उघड्या हाताने धरू नये, पडलेलं उचलू नये, चावलं-ओरखडलं तर लगेच दवाखाना गाठावा, आणि लेंडी झाडताना तोंडाला फडकं बांधावं, कारण त्या धुळीतून छातीचे आजार होऊ शकतात. आजोबा पाणी शिंपडल्याशिवाय झाडू देत नसत. तीच लेंडी पुढे मिरचीच्या वाफ्यात जाई.

कायद्यानेही यांना बरेच दिवस हिडीसफिडीसच केलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कावळे-उंदरांच्या पंक्तीला, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. आमच्या पाकोळ्यांसारख्या किडेखाऊंचं बहुतेकांचं नावही कुठे नव्हतं. पुढे याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या शेजारी, बेळगाव जिल्ह्यातल्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ जाऊन बसलं. एकाच कुळातलं एक वाघाच्या मानाचं आणि दुसरं उंदराच्या! २०२२ च्या दुरुस्तीने ती उपद्रवी प्राण्यांची यादीच काढून टाकली, आणि दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

आता शेतकऱ्याच्या हिशेबाचं बोलू. तुरीवरची घाटेअळी, कपाशीवरची बोंडअळी या आपल्याला अळी म्हणून दिसतात, पण त्यांचे पतंग उडतात ते रात्री. तेव्हा चिमणी, बगळा, कोतवाल सगळे झोपलेले. त्या पाळीला हजर असतं ते वटवाघूळ. आमच्या आखाड्यातल्या पाकोळ्या किती पतंग खातात ते कुणी मोजलेलं नाही, म्हणून मी आकडा सांगणार नाही. पण अमेरिकेत एक प्रयोग आपोआप घडला. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. त्या रोगाने पुढे लक्षावधी मेली. २०२४ साली एका अर्थशास्त्रज्ञाने 'सायन्स' या नियतकालिकात हिशेब मांडला. जिथे वटवाघळं मेली त्या तालुक्यांत (तिकडे काउंटी म्हणतात) शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढवला. आणि त्याच तालुक्यांत तान्ह्या मुलांचे मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याकडे फवारणी करणाऱ्या माणसांचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, आणि संध्याकाळी डोकं धरून ओट्यावर बसलेला माणूस.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि दसऱ्याला जे बोलला होता तेच पुन्हा बोलला, "काका, ज्या भिंतींनी आजीला मारलं त्याच भिंती तुम्ही वाघळांसाठी ठेवा म्हणायलाव?"

काय उत्तर देणार? त्याचं खरंच होतं. पाकोळ्यांना जे आवडतं, दगडांमधल्या फटी, जाड मातीचा गारवा, सऱ्यांमधला अंधार, तेच आईच्या जिवावर उठलं होतं. वाघळांचं घर आणि आईचा काळ या दोन गोष्टी नव्हत्याच. मी नांदेडला बसून प्रेमाने लेख लिहीन, पण गोठ्यात रात्री-बेरात्री जायचं ते त्याने आणि सालगड्याने. माझ्या आठवणींसाठी त्यांनी जीव का धोक्यात घालावा? सहा महिने मी गप्प होतो ते यासाठी.

मग एकदा नांदेडच्या एका ओळखीच्या निवृत्त इंजिनिअरांना घेऊन आखाड्यावर गेलो. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात त्यांनी काम केलं होतं. तेव्हा नवी घरं बांधण्याबरोबरच जुनी घरं मजबूत करण्याचाही मोठा कार्यक्रम झाला होता, याचा मला विसर पडला होता. त्यांनी खांबांना टोचून पाहिलं, तुळया ठोकून पाहिल्या आणि म्हणाले, "गुरुजी, लाकूड अजून पन्नास वर्षं मरत नाही. मारणारी आहे ती माती आणि उंच भिंत. ती उतरवा, सांगाडा ठेवा."

त्याप्रमाणे ठरलं. पुतण्याचं गोदाम बांधाच्या पलीकडे पत्र्याचं झालं, बैलं आणि माणसंही तिकडे गेली. आखाड्यात आता कुणी झोपत नाही. माळवदावरची माती उतरवली. किती निघाली असेल? ट्रॅक्टरच्या चौदा ट्रॉल्या! फळ्यांवर फक्त चार बोटांचा थर ठेवला आणि वर हातभर अंतर सोडून पत्रा घातला, म्हणजे पावसाची भीती नाही आणि ऊनही थेट लागत नाही. भिंती कमरेइतक्या खाली आणल्या, त्यात ठिकठिकाणी आरपार काँक्रीटचे बंध घातले, खांब आणि तुळया यांच्या कोपऱ्यांत तिरक्या लाकडी टेकण्या ठोकल्या. कमरेच्या वरचा भाग बांबूच्या तट्ट्यांनी बंद केला. उत्तरेचे तीन खण आतून अंधारे ठेवले, झरोका होता तसाच. पैसे पेन्शनमधून दिले. आमच्या सौभाग्यवतींनी त्यावर जे मत दिलं ते इथे देत नाही!

काम हिवाळ्यात केलं, कारण उन्हाळ्यात मोठ्या वाघळांच्या माद्यांच्या पोटाशी पिल्लं असतात. कामाआधी मी मोजली होती, मोठी तेवीस. पाकोळ्या दिवेलागणीला मोजायला बसलो, दोनशेनंतर डोळ्यांनी दगा दिला. ठोकाठोकीने सगळी उडून गेली. फेब्रुवारीत गेलो तर आखाडा रिकामा होता. आयुष्यात पहिल्यांदा तिथे तो वास नव्हता. खरं सांगतो, वाड्याच्या ढिगापुढे उभा होतो तेव्हाची आठवण झाली, आणि पुतण्याला दिसू नये म्हणून विहिरीकडे निघून गेलो.

मार्चमध्ये थोड्या पाकोळ्या परतल्या. एप्रिलमध्ये मोठी चार दिसली. मृगाच्या पावसानंतर गेलो तेव्हा मोठी अकरा होती, त्यातल्या दोघींच्या पोटाशी पिल्लं. बाकीची बारा कुठे गेली कोण जाणे. जवळपास जुनी विहीर, एखादं पडकं देऊळ असेल तर तिथे गेली असतील. नसतील तर नाही.

पुतण्याचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. त्याच्या मते हा म्हाताऱ्याचा छंद आहे आणि त्यातल्या खर्चात चांगली पाइपलाइन झाली असती. पण मागच्या खेपेला पाहिलं, उत्तरेच्या खणाच्या दाराशी तट्ट्याला भोक पडून आत ऊन येत होतं, तिथे कुणीतरी पोतं शिवून लावलं होतं. विचारलं तर म्हणाला, "वारा यायला होता." आत तर कुणी राहत नाही, मग वारा कुणाला लागत होता, हे मी विचारलं नाही.

घरच्या मंडळींना एक विनंती. आखाड्याचा भूकंपाआधीचा फोटो आमच्याकडे एकही नाही. वाड्याबरोबर सगळे गेले. सोलापूरच्या आत्यांकडे किंवा उदगीरच्या मंडळींकडे एखाद्या हुरडा पार्टीचा, बैलपोळ्याचा फोटो असेल, मागे आखाडा दिसत असेल, तर कृपया पाठवा. त्यात आई असेल तर आधी पाठवा.